इस्त्रीखालची लोकर



शिवणकामाबद्दल येणाऱ्या पत्रांत हल्ली एक वस्तू पुन्हा पुन्हा डोकावते आहे. लोकरीची जाड मॅट. इस्त्रीच्या टेबलावर ती अंथरायची आणि तिच्यावर रजईचे जोडलेले तुकडे दाबायचे. कोणाला आखातातून येणाऱ्या भावाने ती बॅगेत घालून आणली, कोणी इंग्लंडच्या नणंदेकडून मागवली, कोणी फोनवरूनच ऑर्डर केली. प्रश्न मात्र बहुतेक सारखेच आहेत. वास येतो, काय करू? पिवळी पडली, टाकून देऊ का? वॉशिंग मशीनला लावली तर चालेल का? आणि एका भगिनीचा प्रश्न असा की, नातवाने मॅटवर लघवी केली, आता ती पाक कशी करायची? ग्राहकांच्या रजया तिच्यावर इस्त्री करू की नको? या शेवटच्या प्रश्नाला आज जास्त जागा देणार आहोत, कारण त्या भगिनीच्या महिन्याच्या मिळकतीतला मोठा हिस्सा त्या मॅटवरून जातो.

मशीनचे उत्तर आधी देऊन टाकतो. नाही. साध्या पाण्यात नाही, ‘डेलिकेट’ बटणावर नाही, एकदाच म्हणूनही नाही. का ते पुढे येईलच.

आपल्याकडची जुनी गोधडी किंवा वाकळ इस्त्रीशिवायच होत आली. जुनी लुगडी, ओढण्या एकावर एक अंथरायच्या आणि हाताने धावदोरा घालत जायचे. त्यात इस्त्रीचे काम नाही. पण आता अनेक घरांत तुकडे मशीनवर जोडून, नक्षी जुळवून रजई शिवतात. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये ही कला घरोघर आहे आणि लोकरीची मॅट तिकडूनच आली. या कामात दोन तुकडे पाव इंच आत धरून शिवतात आणि प्रत्येक शिवण लगेच दाबतात. दाबतात, घासत नाहीत. इस्त्री उचलून ठेवायची, पुन्हा उचलायची. पुढे-मागे फिरवली की तिरकस कापलेला तुकडा ताणला जातो. शिवण नीट बसली नाही आणि प्रत्येक तुकड्याला एक सूत फरक पडला, तर बारा तुकड्यांच्या ओळीत बारा सूत म्हणजे दीड इंच होतो. शेजारची ओळ दीड इंचाने लांब किंवा आखूड! मग उसवत बसा.

लोकर इथे दोन कामे करते. शिवणीचा जाड भाग तिच्यात थोडा रुततो, त्यामुळे वरची बाजू सपाट राहते. आणि ती उष्णता धरून ठेवते, म्हणून कापडाला वरून इस्त्रीची आणि खालून लोकरीची अशी दोन्हीकडून ऊब मिळते. यात परदेशी जादू काही नाही. आपल्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची गाडी पाहा. खाली कांबळ्याच्या चार-सहा घड्या, वर पांढरी सुती चादर. त्याला हे कोणी परदेशातून येऊन शिकवलेले नाही.

आता मशीन का नको ते. लोकर म्हणजे मेंढीचे केस. आपल्या केसासारखीच ती केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते, आणि तिच्या प्रत्येक धाग्यावर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. ओल, उष्णता आणि घुसळण ही तिन्ही एकत्र आली की हे खवले एकमेकांत अडकतात, सुटत नाहीत, आणि लोकर आकसते. गंमत अशी की मॅट बनते ती याच रीतीने. मेंढीची लोकर ओली करून, दाबून, रगडून तिचा नमदा करतात. विणकाम नाही, शिवण नाही, नुसते अडकलेले केस. काश्मिरी नमदे ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे लगेच कळेल. कारखान्यात हे रगडणे हवे तितके झाले की थांबवतात. मशीनमध्ये घातली की ते पुन्हा सुरू होते आणि थांबवणारे कोणी नसते. अर्धा इंच जाडीची सपाट मॅट आत जाते आणि बाहेर येतो तो कडक, वाकडातिकडा गोळा. तो पूर्ववत होत नाही.

प्रथिन असल्यामुळे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. क्षार लोकरीचे वैरी आहेत. धुण्याचा सोडा, जाडीभरडी कपड्यांची पावडर यांनी लोकर खरखरीत आणि ठिसूळ होते. फरशी पुसायचे ब्लीच तर लोकर विरघळवून टाकते, तिथे भोकच पडते. डाग काढणाऱ्या भारी पावडरींत प्रथिने तोडणारी द्रव्ये घातलेली असतात. रक्ताच्या, दुधाच्या डागांना ती उत्तम, पण त्यांना डागाचे प्रथिन आणि लोकरीचे प्रथिन यांतला फरक कळत नाही. म्हणून साबण लागलाच तर ईझीसारखा लोकरीसाठीचा पातळ साबण किंवा आपला रिठा. रिठ्याच्या पाण्यात आपल्या आजी-पणजींनी शाली धुतल्या, त्यामागे कारण होते.

पण मॅट धुण्याची वेळ क्वचितच यायला हवी. रोजची निगा पाच मिनिटांची आहे आणि ती केली तर वर्षानुवर्षे धुवावी लागत नाही.

काम संपले की मॅटवर दोऱ्यांचे तुकडे, सुताचा भुगा, खडूची धूळ साचलेली असते. मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडा. जे चिकटून राहते ते चिकटपट्टी बोटांना उलटी गुंडाळून उचला. मग वाळू द्या. हे सगळ्यात महत्त्वाचे आणि सगळ्यात दुर्लक्षित. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. तासभर वाफेची इस्त्री केली की मॅट आतून दमट झालेलीच असते. ती तशीच गुंडाळून कपाटामागे सरकवली की चार दिवसांनी कुबट वास येणारच. उभी करून ठेवा, दोन्ही बाजूंना वारा लागू द्या, दुसऱ्या दिवशी आत ठेवा. कोकणात आणि एकूणच पावसाळ्यात दुसऱ्या दिवसाचा तिसरा दिवस करा. आणि मॅटखालचे टेबलही पुसा. वाफ मॅटमधून आरपार जाते आणि पॉलिश केलेल्या लाकडावर पांढरे डाग उठवते. जेवणाच्या चांगल्या टेबलावर मॅट थेट ठेवू नका. खाली जाड सुती चादरीच्या दोन-तीन घड्या असू द्या.

नव्या मॅटला वाफ लागली की ओल्या मेंढरासारखा वास येतो. घाबरू नका, मॅट खराब निघालेली नाही. खरी लोकर असल्याची ती खूणच समजा. काही आठवडे वापरल्यावर तो कमी होतो. फारच त्रास होत असेल तर एक वाटी पांढरा सिरका चार वाट्या पाण्यात घालून हलका शिडकावा करा आणि पूर्ण वाळवा. सिरका पांढराच हवा, जांभळाचा नव्हे! इस्त्रीच्या पाण्यात अत्तर किंवा गुलाबपाणी घालायची कल्पनाही काहींच्या पत्रांत आहे. ती सोडून द्या. त्यातले तेल इस्त्रीच्या छिद्रांत बसते आणि तपकिरी थेंब होऊन कापडावर पडते. बोअरच्या जड पाण्याचेही तेच. त्यातला क्षार इस्त्रीत साठतो आणि नेमका पांढऱ्या कापडावर बाहेर येतो. फिल्टरचे पाणी वापरा.

पिवळेपणाचे म्हणाल तर मधला भाग थोडा पिवळसर, बदामी होणे हा उष्णतेचा परिणाम आहे, मळ नाही. धुऊन तो जात नाही आणि जायची गरजही नाही. मॅट अधूनमधून उलटी करा, डावी-उजवी फिरवा, म्हणजे एकाच जागी भाजणार नाही. लोकर नायलॉनसारखी वितळत नाही, चटकन पेटतही नाही, पण तापलेली इस्त्री तिच्यावर ठेवून फोन घ्यायला गेलात तर करपते. करपलेली वरची पापुद्री अगदी बारीक काचकागदाने हलकेच घासली तर निघते. खोलवर गेले असेल तर ती बाजू खाली करा आणि पुढे चला.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळतो. त्यांनी लिहिले आहे की घरातल्यांनी दोन सल्ले दिले. एकाने सांगितले, मशीनला तीनदा फिरवा. दुसऱ्याने सांगितले, अशी वस्तू पाक होतच नाही, फेका आणि नवी घ्या. नवी घ्यायला पैसे नाहीत आणि मशीनला लावायचे तर मॅट जाईल ही भीती.

फेकण्याची गरज नाही. जी वस्तू पिळता येत नाही तिचा विचार फुकहांनी फार पूर्वीच केलेला आहे. नमदे, गालिचे, जाड अंथरुणे तेव्हाही होतीच. हनफी फिकहमध्ये अशा वस्तूसाठी रीत अशी की, तिच्यावर पाणी सोडून धुवावे, मग पाणी ठिबकायचे थांबेपर्यंत तशीच ठेवावी. पुन्हा धुवावे, पुन्हा ठिबकणे थांबू द्यावे. असे तीनदा. प्रत्येक वेळी पूर्ण वाळवण्याची अट नाही. ठिबकणे थांबणे हेच पिळण्याच्या जागी धरलेले आहे. शाफई फिकहमध्ये, आणि आपले कोकणी बांधव शाफई आहेत हे इथे आठवायला हवे, पाणी त्या जागेवरून वाहून नजासतीचा रंग, वास, चव यांचा अंश जाण्यावर भर आहे. दोन वर्षांच्या आतला मुलगा, ज्याच्या पोटात दुधाखेरीज दुसरे अन्न गेलेले नाही, त्याच्या लघवीवर पाणी चांगले शिंपडणे त्यांच्याकडे पुरते. मुलीच्या बाबतीत धुवावे लागते. हनफींकडे हा फरक नाही, दोघांसाठी धुणेच आहे. नातू किती महिन्यांचा आहे, वरचे खातो का, घराचा मसलक कोणता, हे आम्हाला माहीत नाही. तेव्हा या बारकाव्यांसाठी आपल्या मोहल्ल्यातल्या आलिमांना विचारा. हे विचारायला संकोच करू नये. तहारतीचे प्रश्न विचारण्यात लाज कसली?

पण रीत पाहा. पिळायचे नाही, रगडायचे नाही, पाणी वरून सोडायचे आणि निथळू द्यायचे. लोकरीला नेमके हेच हवे असते. गार पाणी आणि घुसळण नाही, म्हणजे खवले अडकत नाहीत आणि मॅट आकसत नाही. मशीनला तीनदा फिरवणारा सल्ला देणाऱ्याने मसला सांगितला, पण कपड्याचा सांगितला. ही वस्तू कपडा नाही.

प्रत्यक्षात असे करा. लघवी ताजी असेल तर आधी जुन्या सुती फडक्याने टिपून घ्या. फडके वर दाबायचे, उचलायचे, कोरडी बाजू घ्यायची, पुन्हा दाबायचे. घासायचे नाही, घासले की ओल आत पसरते. मग मोरीत किंवा गच्चीवर प्लॅस्टिकचा जाळीचा क्रेट उलटा ठेवा आणि त्यावर मॅट ठेवा. एका बाजूला खाली विटेचा तुकडा देऊन क्रेट थोडा तिरका करा, म्हणजे निथळ लवकर होते. नळाचे साधे पाणी तांब्याने किंवा नळीने भिजलेल्या जागेवर सोडा, सढळ हाताने, आरपार जाईपर्यंत. शिंतोडे अंगावर येणार नाहीत इतपत हळू. मग हातातले दुसरे काम करा. अर्धा इंच जाडीच्या नमद्याला ठिबकणे थांबवायला वेळ लागतो, एका नमाजच्या वेळेला सुरुवात केली तर पुढच्या नमाजच्या आत तिन्ही वेळा होतीलच असे नाही. घाई नको. ओली मॅट दोरीवर टांगू नका, स्वतःच्या वजनाने ती लोंबून वाकडी होते. तिसरे पाणी निथळल्यावर दोन जाड टॉवेलांच्या मध्ये ठेवून तळहाताने दाबा, पाणी टॉवेलात येऊ द्या. मग सावलीत, वारा येईल तिथे जाळीवर आडवी पसरा आणि दिवसातून दोनदा उलटा. दोन-तीन दिवस धरून चाला. दमट हवेत पंखा लावा. वास मागे राहिला असेल तर वर सांगितलेला सिरक्याचा शिडकावा इथेही कामाला येतो. जुन्या लघवीचा तो उग्र वास क्षाराचा असतो आणि सिरका आम्ल आहे, म्हणून तो मरतो.

आणि तोवर ग्राहकांच्या रजयांचे काय? कोरड्या नापाक वस्तूवर कोरडे कापड ठेवले तर नापाकी लागत नाही. हे खरे, पण वाफेच्या इस्त्रीत ओल आलीच. म्हणून मॅट पाक होऊन वाळेपर्यंत ती बाजूला ठेवा आणि इस्त्रीवाल्याच्या रीतीने कांबळ्याची घडी घालून काम चालू ठेवा. ज्यांच्याकडे तुकडे जोडून जानमाज शिवून जातात, त्यांनी तर याबाबत शंका शिल्लकच ठेवू नये.

ग्राहकाचे कापड घरात आले की ते अमानत असते, हे आम्ही वेगळे सांगायला नको. मॅटमुळे त्या अमानतीला धोका होतो तो बहुतेक वेळा लघवीने नव्हे, तर दुसऱ्याच गोष्टींनी. कच्च्या रंगाचे लाल किंवा निळे सूत वाफेत रंग सोडते, तो लोकर पिते, आणि पुढच्या पांढऱ्या तुकड्याच्या पाठीवर उमटवते. कॉलरच्या कामासाठी आणलेल्या चिकटणाऱ्या बकरमचा डिंक कडेने बाहेर येऊन मॅटवर बसतो आणि नंतर भलत्याच कापडाला लागतो. डिंक लागलाच तर त्यावर टाकाऊ सुती फडके ठेवून गरम इस्त्री दाबा आणि गरम असतानाच फडके ओढा. डिंक फडक्यावर येतो. दोन-चार वेळा करावे लागते. तेलाचा हात लागला तर टाल्कम पावडर भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी झाडा. चहा सांडला तर लगेच टिपा आणि गार पाण्याने भिजवून पुन्हा टिपा. गरम इस्त्री त्या डागावर फिरवाल तर तो कायमचा बसेल.

एका डागाला मात्र उपाय नाही. मेंदी. मेंदीचा रंग केराटिनला धरतो. म्हणूनच तो तळहातावर चढतो, केसांवर चढतो, आणि लोकर ही केसच असल्यामुळे तिच्यावरही तितकाच चढतो. चांदरातीला एका हाताला ओली मेंदी आणि दुसऱ्या हाताने राहिलेले काम उरकायची घाई, असे चित्र ज्या घरात असते त्यांनी त्या रात्री मॅट गुंडाळून ठेवलेली बरी.

या सगळ्यावर एक स्वस्त तोड आहे. मॅटवर नेहमी एक पातळ सुती कापड. जुनी मलमलची ओढणी उत्तम. ओढणी खरोखर सुती आहे याची खात्री करा, जॉर्जेटची असेल तर इस्त्रीच्या सोलला चिकटेल. हे कापड दर आठवड्याला धुवा, रजईसाठी फार खळ, म्हणजे आपली कांजी, वापरत असाल तर दोन दिवसांनी धुवा. कांजी थेट लोकरीवर साचू देऊ नका, तिच्यावर किडे येतात. लोकरीचा फायदा थोडा कमी होतो असे काही कारागीर बायका म्हणतात. पातळ मलमलने फारसा होत नाही असे आमचे मत आहे, आणि ज्या हाताने पैसे घेऊन दुसऱ्याचे कापड दाबायचे आहे त्या हाताने ते सोसावे.

किड्यांचा विषय निघालाच आहे तर कसर. कपाटात उडणारा बारीक सोनेरी पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते. तिला अंधार आवडतो, न हललेली वस्तू आवडते, आणि घाम, अन्न, तेल लागलेली लोकर स्वच्छ लोकरीपेक्षा जास्त आवडते. म्हणून रोज वापरातल्या मॅटला कसर लागत नाही. लागते ती हंगाम संपल्यावर सहा महिने पलंगाखाली पडलेल्या मॅटला. ठेवण्याआधी झाडा, पूर्ण वाळवा, दोन्ही बाजूंनी कोरडी गरम इस्त्री फिरवा, सुती कापडात गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, आत ओल राहिली तर बुरशी येते. महिन्यातून एकदा उजेडात काढून झटका. कडुलिंबाचा पाला घालायचा असेल तर कोरडा घाला, पण त्याच्या भरवशावर राहू नका. डांबराच्या गोळ्यांबद्दल जरा थांबून विचार करा. ज्या घरात तान्हे मूल आहे तिथे त्या नकोतच. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे द्रव्य जन्मतः कमी असते. ते घरच्यांना बहुतेकदा माहीतही नसते. अशा बाळाला या गोळ्यांत ठेवलेल्या लोकरीच्या, कपड्यांच्या नुसत्या वाफेने रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. आणि आपल्या मॅटवर तर आपण वाफच सोडणार! कसर लागलेली दिसलीच तर मॅट झाडून, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. अळ्या, अंडी मरतात. बकरी ईदच्या सुमारास अर्थातच तिथे जागा मिळणार नाही.

सूरह नहलमध्ये जनावरांच्या लोकरीपासून, केसांपासून मिळणाऱ्या घरसामानाची नेमत म्हणून आठवण करून दिली आहे, आणि ते सामान एका मुदतीपर्यंत कामाचे आहे हेही तिथेच येते. लोकरीची मॅट कितीही जपली तरी झिजते, मध्ये पातळ होते. ती मुदत आपल्या हातून अर्ध्यावर संपू नये, इतकेच आपण बघायचे.

मॅट विकत घेणे ज्यांना परवडत नाही त्यांनी मन खट्टू करू नये. घरात जुनी घोंगडी असेल तर तिच्या चार घड्या करून कडेने टाके घाला, तीच तुमची मॅट. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, सनगर विणकरांचे हात, अस्सल माल आहे. दोन गोष्टी मात्र आधी करा. घोंगडीच्या ताण्याला विणताना चिंचोक्याची खळ लावलेली असते. ती राहिली असेल तर वाफेत चिकट होते, तेव्हा एकदा गार पाण्यात न रगडता बुडवून काढा, निथळू द्या आणि वाळवा. रंगवलेली घोंगडी असेल तर ओला पांढरा रुमाल तिच्यावर ठेवून इस्त्री दाबून पाहा, रंग लागतो का ते कळेल. बाजारातले ‘लोकरीचे’ म्हणून मिळणारे रग अनेकदा मिसळीचे असतात. एक धागा काढा, चिमट्यात धरून ताटलीवर जाळून पाहा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून टणक काळा मणी झाला तर कृत्रिम धागा. तो इस्त्रीखाली घालू नका.

पूर्ण मॅट धुवायची वेळ आलीच, म्हणजे वास जात नाही किंवा धूळ आत बसली आहे, तर टबात कोमट नव्हे, साधे पाणी घ्या, रिठ्याचे पाणी किंवा पातळ साबणाचे एक झाकण घाला, मॅट आडवी बुडवा, दहा मिनिटे ठेवा, तळहाताने दाबत दाबत मळ काढा आणि साबण जाईपर्यंत दोन पाणी बदला. पुढचे निथळणे, टॉवेल, सावली सगळे वर सांगितल्याप्रमाणे. हे काम फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत करा. वाळल्यावर मॅट थोडी लाटेसारखी उठली असेल तर वाफेची इस्त्री फिरवून, गरम असतानाच वर सपाट फळी आणि पुस्तकांचे वजन ठेवून रात्रभर सोडा.

आणि मधोमध अगदी पातळ होऊन गेलेली मॅटही टाकू नका. कडेचा भाग जाडच असतो. त्याच्या लांब पट्ट्या कापा. नमदा विणलेला नसल्याने कापल्यावर कडा उसवत नाहीत, टीप घालायचीही गरज नाही. बाही, पायजम्याचा पाय, बाळाची टोपी अशा अरुंद शिवणी दाबायला आत सरकवायला त्या पट्ट्या मोठ्या मॅटपेक्षा सोयीच्या पडतात. उरलेला चौकोन शिवणयंत्राखाली ठेवा, रात्री उशिरा टीप घालताना खालच्या मजल्यावर आवाज कमी जातो.